बॅनरवरची धाकटी

माझी माय मला तेव्हा फक्त वहिनीच्या पाठीमागं दिसायची.

वहिनीला, म्हणजे माझ्या भावाच्या बायकोला, रील करायचा नाद होता. गावाकडच्या आमच्या अंगणात ती मोबाइल जात्याला टेकवून ठेवायची आणि गाणं लावून ओठ हलवायची, मान वेळावायची, पदर फिरवायची. तिच्यामागून कधी शेळी जायची, कधी कोंबड्या, आणि कधी माय. बादली घेऊन जाताना. सुपात डाळ पाखडताना. एकदा अंगणातल्या चुलीपुढं बसलेली, पाठमोरी. लुगड्यातून खांद्याची हाडं वर आलेली दिसली तेव्हा कळलं की वाळलीय. अंगणात चूल कशाला मांडली असेल, असं एकदा मनात आलं. पाणी तापवायला असेल म्हणून सोडून दिलं. वहिनीच्या रीलला लोक बदाम द्यायचे. मीपण द्यायचे. माझा बदाम मागच्या बाईला असायचा, पण ते वहिनीला कुठून कळणार?

माझं अकाउंट खोट्या नावाचं होतं. फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल. ते मला माझ्या धाकट्या बहिणीनं काढून दिलं होतं, आणि काढून देताना हसली होती. "ताई, तू सगळ्यांचं बघणार आणि तुझं कुणी नाही बघायचं. भारी आहेस."

भारी कसली? भ्याले होते.

मुंबईजवळ शिरवण्यात आम्ही दोघी लपून राहत होतो असं म्हटलं तर काहीतरी मोठं वाटतं. तसं काही नव्हतं. मी सकाळी नेरूळला दोन-तीन घरी स्वयंपाकाला जायचे, धाकटी कॉलेजला जायची, संध्याकाळी दोघी मिळून भाजी आणायला. इतकंच की आम्ही कुठं आहोत हे गावाकडं कुणालाच माहीत नव्हतं. मायलासुद्धा नाही. माय खोटं बोलायला लागली की तिचा खालचा ओठ हलतो, आणि आमच्या चुलत्याला ते ओळखता येतं. म्हणून तिला न सांगण्यातच तिचं बरं आहे, असं मी धरून चालले होते.

माझी शाळा सातवीत सुटली. कुणी मारूनमुटकून काढली नाही; सातवीच्या पुढची शाळा दुसऱ्या गावात होती आणि पोरीला एवढ्या लांब कोण पाठवतंय, असं म्हणता म्हणता सुटली. मग लग्न. नवरा मला जासईला घेऊन आला, तिथल्या कंटेनर यार्डात तो कामाला होता. माणूस चांगला होता. काविळीत गेला. मी परत गावी गेले नाही, कारण परत गेलेल्या विधवेचं काय होतं ते मी आमच्याच घरात आत्याच्या रूपानं बघितलेलं होतं.

धाकटीचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. आमचा बाप वारल्यावर घरात चुलत्याचा शब्द चालायचा आणि भाऊ त्याला मान हलवायचा. धाकटी बारावी झाली तशी चुलत्यानं तिचं चुलतीच्या भाच्याशी ठरवून टाकलं. पोरगी शेजारणीच्या फोनवरून मला म्हणाली, "ताई, मला नर्स व्हायचंय, मला ने." मी म्हणाले, ये. मायनं तिला पिशवी भरून दिली आणि घरात सांगितलं, देवाला गेलीय. त्यानंतर चुलत्यानं भावकीत शब्द दिला, की जिथं सापडेल तिथून पोरगी आणीन, नाहीतर तोंड दाखवणार नाही. मी नंबर बदलला आणि जासई सोडली. जासईच्या यार्डात आमच्या तिकडची पोरं ट्रेलरवर आहेत. तिथं राहिलं असतं तर आठवड्यात बातमी पोचली असती.

शिरवण्यात मावशीनं खोली दिली. मावशी म्हणजे आमची घरमालकीण, तिथल्याच जुन्या आगरी घरातली. शेती सरकारनं घेतली, त्या पैशांत चाळ बांधलेली. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "कुठची गो तुमी?"

मी म्हणाले, "देशावरच्या."

"देस मोठा हाय," ती म्हणाली आणि किल्ली दिली. संपली चौकशी.

त्या बाईचे उपकार मी कसे सांगू? मला टायफॉइड झाला तेव्हा रोज तांदळाची पेज करून आणायची, चमच्यानं भरवायची आणि वरून शिव्या द्यायची, "गिल गो, मरशील तं माझी खोली बाटवशील." धाकटीच्या कॉलेजात पालक म्हणून कुणीतरी मोठं माणूस लागलं तेव्हा नथ घालून, रिक्षा करून गेली, आणि तिथल्या बाईंना सांगून आली की पोर माझी हाय, नीट शिकवा. माझ्या मायच्या वाटचं जेवढं करायचं ते तिनं केलं. म्हणून पुढचं जे झालं त्यात मी तिला बोल लावू शकत नाही. लावायचा म्हटला तरी जीभ वळत नाही.

पण मावशीचा आणि माझा स्वभाव एका गोष्टीत उत्तर-दक्षिण होता. मावशीला सगळं दाखवायचं असायचं. सकाळी पापलेट आणलं की स्टेटसला, नातवाचा दात पडला की स्टेटसला, स्वतःच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तर पट्टीसकट स्टेटसला. मी एकदा म्हणाले, "मावशी, घरातलं सगळं लोकांना कशाला?" तर माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मी मीठ न घालता कालवण केलंय.

"दाखवाचं नाय तं केलं कनाला? आमी काय चोर हाव?"

मी चोर नव्हते, पण माझं वागणं चोरासारखं होतं.

धाकटीशी तर यावरून रोजची कटकट. कॉलेजात गेल्यावर तिनं अकाउंट काढलं, स्वतःच्या नावाचं, स्वतःच्या फोटोचं. मला कळलं ती तिसऱ्या वर्षाला गेल्यावर; कळलं तशी मी ताटावरून उठले.

"अगं, काय केलंस तू हे?"

"ताई, प्रायव्हेट आहे ते. लॉक आहे. मी हो म्हटल्याशिवाय कुणाला दिसत नाही."

"आणि तू कुणाकुणाला हो म्हटलंस?"

"वर्गातल्या मुली. आणि मावशीची ताई. बस."

मावशीची ताई म्हणजे मावशीची लेक, लग्न होऊन गावातच दिलेली.

"बंद कर," मी म्हणाले.

ती बंद करेना. रडलीसुद्धा. "माझ्या वर्गात सगळ्यांचं आहे. सगळ्या एकमेकींचे युनिफॉर्ममधले फोटो टाकतात. मी कुठल्याच फोटोत नसते. मुली विचारतात, तू कुणाचा खून करून आलीयस का? मी काय गुन्हा केलाय ताई? शिकतेच आहे ना?"

गुन्हा केला नव्हता. हेच तर सांगता येत नव्हतं, की ज्यानं गुन्हा केला नाही त्यालाच का तोंड झाकून राहावं लागतंय. मी एवढंच म्हणाले, "एक वर्ष. तिसरं वर्ष निघू दे, रजिस्ट्रेशन होऊ दे, नोकरी लागू दे. मग चौकात मोठा फोटो लाव तुझा, मी हार घालीन."

"हार मेलेल्याला घालतात," ती म्हणाली आणि डोळे पुसून हसली. अकाउंट राहिलं. मी मनाला समजावलं, लॉक आहे ना.

मी जिथं पोळ्या करते त्या नेरूळच्या एका घरी तेव्हा बाळ झालं होतं. मॅडम बाळाचे फोटो रोज टाकायच्या, पण तोंडावर लाल बदाम चिकटवून. मी विचारलं तर म्हणाल्या, "लोकांचा काय भरवसा ताई, कोण फोटोचं काय करेल." मला इतकं पटलं की घरी येऊन धाकटीलाही सांगितलं, तूपण बदाम लाव. खरं तर मॅडम हे सांगत होत्या तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरातला कॅमेरा माझ्याकडंच बघत होता. तो बसवताना मला कुणी विचारलं नव्हतं. पण ते जाऊ द्या. पगार वेळेवर देतात, चहा त्यांच्यासारख्याच कपात देतात.

मग मावशीच्या धाकट्या पोराचं लग्न ठरलं.

आगरी घरातली हळद ज्यानं पाहिली नाही त्याला लग्न मोठं की हळद मोठी हा प्रश्न पडतो. लग्नाला माणूस नाही आला तर चालतं. हळदीला नाही आला तर वर्षभर बोलणं ऐकावं लागतं. आणि हळदीच्या आधी आळीच्या तोंडाला बॅनर लागतो. मधे नवरदेव, काळा चष्मा लावून, गळ्यात चेन, एक हात कमरेवर. भोवती गोल गोल चौकटींत घरातले, भावकीतले, मित्र, पुढारी. ज्याचा फोटो बॅनरवर नाही तो त्या घराचा नाही, असा साधा हिशोब. त्यावरून सख्ख्या भावांची बोलणी बंद झालेली मी तिथं बघितलीत.

हळदीच्या आदल्या दिवशी मी कामावरून येत होते. मावशी आळीच्या तोंडाशीच उभी होती, डोक्याला तेल, हातात नवा चुडा. मला दंडाला धरून तिनं थांबवलं.

"वर बघ."

मी वर बघितलं. नवरदेव होता. पुढारी होते. मावशीचे दीर, जावा, व्याही. आणि उजव्या हाताला, मावशीच्या स्वतःच्या चौकटीएवढ्याच मोठ्या चौकटीत, माझी धाकटी. पांढरा युनिफॉर्म, केस बांधलेले, दात दिसतील एवढी हसलेली. छातीवरच्या बिल्ल्यावर कॉलेजचं नाव, रस्त्यावरून वाचता येईल एवढं. खाली लिहिलं होतं, आमच्या घरची नर्सबाई. आणि त्याच्याखाली सगळ्यांसाठी, मोठ्या अक्षरांत, शिरवणे गाव.

"तुजा पन लावनार व्हते," मावशी म्हणाली, "पन तुजा फोटोच नाय कुठं! माझ्या लेकीनं सोधला, सोधला. हिचा तिच्या मोबाइलात गावला. तिनं स्क्रीनशॉट मारला." मग माझ्याकडं बघत राहिली. वाट बघत होती ती. भाडेकरूचा फोटो बॅनरवर त्या आळीत आजवर कुणी लावला नव्हता. जावांशी भांडून लावला होता तिनं.

मी काय केलं असेल? वाकून तिच्या पाया पडले. हसले. म्हणाले, "मावशी, किती केलंत." तेवढं हसू मी काढलं. तिनं मला पोटाशी धरलं. चुड्याची धार मानेला लागली.

धाकटी कॉलेजातून आली ती तिथंच उभी राहिली. मी तिला ओढायला गेले तर हलेना. मला वाटलं भ्यालीय. आधी भ्यालीच होती, तोंडाचा रंग उतरला होता. पण मग तशीच मान वर करून बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "ताई, छान दिसतेय ना गं मी?"

छान दिसत होती. देवाशपथ, त्या सगळ्या चष्म्या-चेनवाल्यांत तीच एक छान दिसत होती.

मी मावशीला तेव्हाच सगळं सांगायला पाहिजे होतं असं वाटेल. पण कसं सांगायचं? दारात मांडव, घरात पाहुणे, तिच्या पोराची हळद, आणि तिनं जीव लावून केलेल्या कामाला मी म्हणू, हे उतरवा? आणि सांगितलं असतं तर मावशीच्या पोटात राहिलं नसतं. चांगलं माणूस होतं, पण पोटात राहत नव्हतं. म्हणून मी गुपचूप फ्लेक्सवाल्याच्या दुकानात गेले. तरुण पोरगा होता, कॉम्प्युटरपुढं बसून दुसऱ्या कुणाच्यातरी वाढदिवसाचा बॅनर करत होता. मी विचारलं, बॅनर कधी उतरणार?

"लग्न झालं की. टेन्शन नको घेऊ ताई, वाऱ्यानं नाय फाटत आपला."

मग त्यानं कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला आणि कौतुकानं दाखवलं, की बॅनर त्याच्या दुकानाच्या पेजवर पण टाकलाय. "बघ, किती लाइक. गावातले सगळे शेअर करतात."

मी म्हणाले, "दादा, यातल्या एका फोटोवर तेवढा बदाम लावाल का? लहान लेकराच्या तोंडावर लावतात तसा?"

तो हसायला लागला. "आयला! नर्सबाईच्या तोंडावर बदाम? ताई, आळीतले पोरगे मला मारतील. लव्हचं लफडं वाटेल ते."

"मग तिथून काढून तरी टाका."

"काढतो. दोन दिवस राहू दे, मग काढतो. तुझी कोण ती?"

"कोण नाही," मी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे. सवयच झाली होती.

दुसऱ्या दिवशी हळद. मांडवामागं चुली पेटल्या, बायका तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसल्या. मी ज्वारीवाली, पण मावशीनं शिकवून तयार केली होती. मावशीची लेक मोबाइल धरून फिरत होती, सगळ्यांना दाखवत होती, लाइव्ह का काय ते. माझ्याकडं आली की मी धुराकडं तोंड करायचे. एक पाहुणी म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "ही बघा, धूर खाते पन फोटो नाय देत. काय गो, नवऱ्यानं तोंडाला सोनं लावलंय का?" सगळ्या हसल्या. मीपण हसले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते धुराचंच म्हणून खपून गेलं.

नंतर मोजकेच दिवस सुखाचे गेले. बॅनर उतरला. मावशीच्या पोरानं तो गाडीवर झाकायला घेतला. मी श्वास सोडला.

त्या दिवशी मी मॅडमच्या घरी पोळ्या करत होते. एक पोळी तव्यावर, एक पोळपाटावर, आणि मधल्या वेळात जास्वंदीच्या अकाउंटवरून वहिनीचं काय आलंय ते बघावं म्हणून फोन उघडला. रील नव्हतं. फोटो होता. धाकटीचा. बॅनरवरचा तिचा गोल तेवढा कापून मोठा केलेला. वर पिवळं हसणारं तोंड, आणि वहिनीनं लिहिलेलं, सापडली आमची नर्सबाई.

मी तशीच उभी. मग भिंतीतून आवाज आला, "ताई, गॅस! पोळी जळतेय!" मॅडम ऑफिसातून कॅमेऱ्यात बघत होत्या. मी दचकून गॅस बंद केला आणि त्या कोपऱ्याकडं बघून हात जोडले. का जोडले माहीत नाही. कुणाला जोडत होते तेही माहीत नाही.

कसं पोचलं ते नंतर कळलं. जासईच्या यार्डातल्या आमच्याकडच्या एका ट्रेलरवाल्यानं कुणाच्यातरी स्टेटसला बॅनर बघितला, आणि त्याला चेहरा ओळखीचा वाटला. त्यानं वाईट हेतूनं केलं असंही नाही. गावाच्या ग्रुपवर टाकताना म्हणे लिहिलं होतं, आपल्या गावची पोरगी मुंबईत नर्स झाली, अभिनंदन.

त्या संध्याकाळी मी मावशीच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर ती पदराचं टोक पिळत बसली.

"मना बोलली असतीस तं?" एवढंच म्हणाली.

मी तिच्या हातातलं पदराचं टोक सोडवलं.

"मी तुना परकी वाटली का गो?"

"नाही मावशी. तुम्ही नसता तर आम्ही कुठं असतो?"

"मंग?"

ती उठली, आमच्या खोलीच्या दाराला आतून हात लावून बघितला, कडी किती मजबूत आहे ते. "येऊ दे कोन येतो तो. माझी जावा-भावजयांची फौज हाय. कोयता घेऊन बसते दारात. पोलिसात पन माझा भाचा हाय." आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून भाजी चिरायची विळी घेऊन ती आमच्याच दारापुढं बसायला लागली. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक अनोळखी पुरुषाला विचारायची, "कोन पायजे?" गॅसवाल्याला विचारलं, पोस्टमनला विचारलं.

पण पुरुष कुणी आलाच नाही. माय आली.

चुलता आणि भाऊ खांदेश्वरला कुणा नातेवाइकाकडं उतरले होते. तिथून मायला रिक्षात बसवून पाठवलं होतं, हातात कागदावर, बॅनरवरच्या नावांवरून काढलेला पत्ता देऊन. मावशीनं विचारलं, "कोन पायजे?" तर माय म्हणाली, "माझ्या लेकी हितं ऱ्हातेत का हो बाई?" मावशीनं विळी बाजूला केली. मायपुढं विळीचं काय काम?

मी मायला इतक्या वर्षांनी समोरून बघितलं. रीलमध्ये दिसायची त्यापेक्षा बुटकी होती. तिनं धाकटीच्या तोंडावरून हात फिरवला, मग माझ्या, मग भिंतीवरच्या युनिफॉर्मवरून.

"लई पांढरा हाय गं," म्हणाली. "मळत न्हाई?"

चहा झाला. मग हळूहळू निघालं. "मला म्हणायलेत, तूच पळीवली. पोरगी जाऊ दिली त्या दिवसापासून माझं खाणं येगळं काढलंय. अंगणात करून खाते."

अंगणातली चूल. मी त्या रीलला बदाम दिला होता.

"झोपते कुठं गं तू?" धाकटीनं विचारलं.

"गोठ्यात. उबदार असतंय," माय म्हणाली, आणि तिचा खालचा ओठ हलला.

मी म्हणाले, "माय, तू जाऊच नको. इथंच राहा. मी कमावते."

"आन् मरू कुठं? हितं? माझं कुकू त्या मातीत गेलंय." मग धाकटीकडं न बघता म्हणाली, "ते म्हणायलेत, आली तर शिक्षण पुरं करू देऊ. परीक्षेला धाडू म्हणतेत. पोरगाबी बरा हाय, दारू पीत न्हाई. मी तुला चल म्हणत न्हाई. मी निस्ती सांगायला आले."

मावशी दारातून म्हणाली, "बाय, पोर वीस वर्सांची हाय. कोन जबरदस्ती नाय करू शकत. आमी पोलिसात जाऊ."

"जबरदस्ती कोन करायलंय बाई?" माय म्हणाली. आणि खरंच कुणी करत नव्हतं. ते बघूनच माझी आशा संपली. चुलता आला असता, भाऊ आला असता, आरडाओरडा झाला असता, तर आळी उभी राहिली असती. बादली उचलून चालणाऱ्या बाईविरुद्ध कोण उभं राहणार?

धाकटीनं पिशवी भरली. तीच पिशवी, मायनं भरून दिलेली. युनिफॉर्म घडी करून घेतला. "एकच वर्ष आहे ताई," ती मला म्हणाली, माझंच वाक्य. "परीक्षेला पाठवणार आहेत ना. येतेच मी." मी मान हलवली. मावशीनं तिची ओटी भरली, तांदूळ, नारळ. रडत होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, "माझ्या हातानं केलं मी. माझ्या हातानं." मी म्हणाले, "नाही मावशी." पण तिच्या प्रेमानंच झालं, हे तर खरंच होतं.

परीक्षेला पाठवलं नाही. लग्नाचं मला वहिनीच्या स्टोरीतून कळलं. मुंडावळ्या बांधलेली, मान खाली. एक दिवस होती ती स्टोरी, मग आपोआप गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जास्वंदीवरून वहिनीचं अकाउंट शोधलं तर सापडेना. मला बंद करून टाकलं होतं. फुलामागं कोण आहे ते कुणीतरी ओळखलं असेल. म्हणजे आता मायसुद्धा दिसत नाही.

धाकटीच्या सासरी बायकांना फोन ठेवायची रीत नाही. तिचं अकाउंट आहे तसं आहे. उघडलं की लॉकचं चित्र येतं. मी तिला तेव्हा परवानगी मागितलीच नव्हती बघायची, रागात होते. आता मागितली आहे. हो म्हणायला ती कुठून येणार? ज्या पोरीला कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून मी जपत होते, ती आता कुणाच्याच नजरेला पडत नाही. माझ्यासुद्धा.

मावशी अलीकडं स्टेटस टाकत नाही. मासे आणते, साफ करते, फोन आतच असतो. मला वाईट वाटतं. मी एकदा म्हणाले, "टाका की मावशी, सुनेचा फोटो टाका." ती म्हणाली, "कनाला?"

आता एकच जागा उरलीय. त्या फ्लेक्सवाल्याच्या पेजवर बॅनर अजून आहे. दोन दिवसांनी काढतो म्हणाला होता, विसरला. मी दुपारी नेरूळहून परत येताना बसस्टॉपवर बसते आणि ते पेज उघडते. चष्मेवाल्या नवरदेवाच्या उजवीकडं, बोटांनी मोठं करायचं, मग दिसते. पांढऱ्या कपड्यात, दात दिसतील एवढी हसलेली. खाली लिहिलेलं आहेच, आमच्या घरची नर्सबाई.

त्याचं दुकान वाटेवरच आहे. पूर्वी मी त्याला आठवण करून द्यायला जायचे. आता त्या बाजूनं जावं लागलं तर रस्ता ओलांडून पलीकडून जाते. मला बघून त्याला आठवलं तर काढून टाकील.